पाहुण्या यंत्राला बाहेरचं कसं कळतं

तुम्ही भांडगावात आहात. सोलापूर रस्त्यानं यवत मागं टाकलं की वरवंडच्या अलीकडे लागतं ते भांडगाव. तुकोबांची पालखी दरवर्षी याच रस्त्यानं जाते. रस्त्यापासून आत, उसाच्या कडेला एक वस्ती आहे. रात्रीचे पावणेदहा झालेत. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे, त्यामुळे विहिरीवरची मोटर आत्ता चालू आहे. हायवेवरून ट्रकांची घरघर अखंड येतेय.

पडवीतल्या टेबलावर लॅपटॉप आहे. त्याच्या पडद्यावर एक खिडकी, आणि त्या खिडकीत दुसरा अख्खा संगणक चाललेला. त्याला स्वतःची डिस्क आहे, मेमरी आहे, नेटवर्क कार्ड आहे, कोपऱ्यात घड्याळ आहे. यातलं काहीच धातूचं नाही. खालच्या लॅपटॉपनं, म्हणजे होस्टनं, हे सगळं सॉफ्टवेअरमधून उभं केलंय. वरचा गेस्ट ते खरं धरून कामाला लागलाय.

आबा पाणी मोडून येतात. पाय धुऊन टॉर्च खुंटीला लावतात आणि तुमच्या खांद्यावरून पडद्याकडे बघतात. "ह्यात अजून एक कम्प्युटर हाय म्हनं? मग त्येला भायेरचं कसं काय कळतं?"

तुम्ही उत्तर द्यायला जाता आणि लाइट जाते. मोटर थांबते. लॅपटॉपचं चार्जिंग फार टिकणार नाही, म्हणून तुम्ही गेस्टला आहे त्या स्थितीत सेव्ह करता: त्याची सगळी मेमरी आणि प्रोसेसरची सगळी खाती (रजिस्टर) एका फाइलीत जातात. मग लॅपटॉपही बंद. लाइट येते रात्री एकनंतर. तुम्ही ती फाइल परत उघडता. गेस्ट जागा होतो, अर्धवट टाइप केलेली ओळ जशीच्या तशी, कर्सर लुकलुकतोय. घड्याळात ९:४७.

साडेतीन तास गेले आणि त्याला पत्ताच नाही. तो झोपला नव्हता, बंदही पडला नव्हता. त्याच्या बाजूनं बघितलं तर एका सूचनेनंतर लगेच दुसरी सूचना चालली, मधे काही झालंच नाही. स्वतःच्या आत कितीही शोधलं तरी हे साडेतीन तास त्याला सापडणार नाहीत, कारण ते त्याच्यात नाहीतच. ते होस्टकडे आहेत. आबांचा प्रश्न नेमका इथं लागतो, आणि त्याचं उत्तर पन्नासेक वर्षांत तुकड्यातुकड्यानं तयार झालंय. ते बघायला मागं जावं लागेल.

तुम्ही १९६८ मध्ये उतरता. अमेरिकेतलं केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स. एमआयटीच्या शेजारी आयबीएमचं सायंटिफिक सेंटर आहे. मशीनच्या खोलीत सिस्टिम ३६० मॉडेल ६७ उभं आहे, कपाटांच्या रांगाच्या रांगा, आणि थंड हवा. तुमचं काम मात्र त्या खोलीत नाही. तुम्ही बाहेर २७४१ टर्मिनलपुढे बसता. दिसायला तो टाइपरायटरच, पण अक्षरं एका गोल फिरत्या गोळीवर कोरलेली. कळ दाबली की गोळी झटक्यात वळते आणि कागदावर आपटते.

तुम्हाला वाटतं, हा अख्खा ३६० तुमचा एकट्याचा आहे. बाजूच्या टर्मिनलवरच्या माणसालाही तसंच वाटतं. ही करामत सीपी-६७ नावाच्या प्रोग्रॅमची. रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी १९६४ च्या अखेरीस हे काम हातात घेतलं. सीपी-४० नावाची त्यांची पहिली आवृत्ती जानेवारी १९६७ पासून रोजच्या वापरात होती. तिच्यावर एकाच वेळी चौदा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे असे सॉफ्टवेअरमधून उभे केलेले संगणक, चालू शकत, प्रत्येकाला २५६ के मेमरी. आणि खालच्या खऱ्या मॉडेल ४० मध्ये सगळी मिळून मेमरी होती २५६ के. हा आकडा मला अजूनही थक्क करतो. चौदा जणांना अख्खं घर दिलं होतं, आणि घर एकच होतं.

आता तुम्हाला बाजूच्या टेबलवरच्या माणसाला एक प्रोग्रॅम द्यायचाय. तुम्ही दोघं एकाच लोखंडावर आहात, तुमच्या मेमरीचे तुकडे कदाचित शेजारीशेजारी पडलेत. पण तुमच्या यंत्राला त्याचं यंत्र दिसत नाही. दिसताच कामा नये. सीपी-६७ च्या कामाचं सारच त्यात आहे. मग वाट कुठून काढायची?

वाट निघाली पंचकार्डातून. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला एक कार्डवाचक आणि एक कार्डपंच दिलेला होता, तोही आभासीच. तुम्ही तुमचा पंच बाजूच्या माणसाच्या नावावर वळवता, त्यासाठी एक्सफर नावाची आज्ञा होती. मग तुमचा प्रोग्रॅम कार्डं पाडायला लागतो, ऐंशी रकान्यांचं एकेक कार्ड. कुठेही पुठ्ठा नाही, भोक नाही. सीपी ती कार्डं डिस्कवर उतरवून घेतं आणि शेजाऱ्याच्या आभासी वाचकात ठेवून देतं. तुमच्या यंत्राची खात्री की आपण कार्डं पाडली. त्याच्या यंत्राची खात्री की कुणी ऑपरेटर कार्डांचा गठ्ठा घालून गेला. भ्रम दोन्हीकडे शाबूत राहिला आणि निरोपही पोचला.

आबांच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर: बाहेरचं जे कळायचं ते एखाद्या खोट्या उपकरणातून कळतं, आणि ते उपकरण खोटं आहे हे आतल्याला माहीत नसतं.

पण त्याच खोलीत दुसरंही उत्तर तयार होतं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ३६० च्या सूचनांमध्ये डायग्नोज नावाची एक सूचना होती. ती दुरुस्ती करणाऱ्या इंजिनियरांसाठी राखलेली. ती नेमकं काय करते हे मॉडेलागणिक वेगळं. साध्या प्रोग्रॅमला तिचा काही उपयोग नव्हता. म्हणून सीपी लिहिणाऱ्यांनी तीच धरली. गेस्टनं डायग्नोज चालवली की नियंत्रण खाली सीपीकडे येतं, सोबतचा क्रमांक बघून सीपी काम करून देतं आणि गेस्टला पुढं जाऊ देतं. क्रमांक ८ दिला तर गेस्टमधला प्रोग्रॅम थेट सीपीलाच आज्ञा देऊ शकतो.

इथं भ्रम मोडला. डायग्नोज चालवणाऱ्या प्रोग्रॅमला पक्कं माहीत आहे की आपण खऱ्या यंत्रावर नाही, खाली कुणीतरी आहे, आणि त्याच्याकडं मागता येतं. फायदाही लगेच दिसला. डिस्कवरून वाचायचं तर खऱ्या डिस्कचं सगळं नाटक पायरीपायरीनं वठवायची गरज उरली नाही, एका डायग्नोजमध्ये काम व्हायला लागलं. २ ऑगस्ट १९७२ ला आयबीएमनं व्हीएम/३७० जाहीर केलं, तोवर सीएमएस ही तिथली गेस्ट प्रणाली या सोयीवर इतकी विसंबली होती की नुसत्या खऱ्या यंत्रावर ती चालेनाशीच झाली. आधी चालत असे. आपण पाहुणे आहोत हे मान्य केल्यावर तिला परतीचा रस्ता राहिला नाही, आणि कुणाला त्याचं दुःखही झालं नाही.

पुढची पंचवीस-तीस वर्षं तुम्ही भरभर ओलांडता. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडते. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू होतं, १९९१ मध्ये तिथं परम ८००० तयार होतो. संगणक टेबलावर येतात, स्वस्त होतात, आणि प्रत्येकाला स्वतःचं यंत्र मिळाल्यावर एकाची चौदा करायची कला अडगळीत पडते.

तुम्ही थांबता १९९९ मध्ये. समोर साधा पेंटियम पीसी. त्याच्यावर लिनक्स, आणि लिनक्सच्या एका खिडकीत विंडोज सुरू होतंय. व्हीएमवेअर ही कंपनी आदल्या वर्षी कॅलिफोर्नियात निघाली. संस्थापकांत डायान ग्रीन आणि मेंडेल रोझेनब्लम. जाणकार हे अशक्य मानत होते, आणि त्याला कारणही होतं. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये नियम मांडला होता: यंत्राच्या खऱ्या स्थितीला हात लावणारी प्रत्येक सूचना अडवता आली, तर नीट व्हर्च्युअल मशीन करता येतं. पेंटियममध्ये अशा सतरा सूचना होत्या ज्या अडवताच येत नव्हत्या. त्या गुपचूप चुकीचं उत्तर देऊन पुढं जात. व्हीएमवेअरनं गेस्टचा धोकादायक भाग चालताचालता दुसऱ्या सूचनांमध्ये बदलून घेतला.

तुम्ही माउस त्या खिडकीत नेऊन क्लिक करता आणि तो आत अडकतो. बाहेर काढायला ठरावीक कळा एकत्र दाबाव्या लागतात. आतल्या विंडोजला वाटतंय माउस त्याच्याच मालकीचा. खिडकीची कड कुठं संपते हे त्याला कळणार कसं? मग तुम्ही गेस्टमध्ये व्हीएमवेअर टूल्स बसवता. आता माउस कडेवरून सहज आतबाहेर जातो. आतलं कॉपी केलेलं बाहेर पेस्ट होतं. घड्याळ बरोबर राहतं.

हे घडतं कसं ते जवळून बघण्यासारखं आहे. जुन्या पीसीत प्रोसेसर उपकरणांशी क्रमांकाच्या पोर्टांवरून बोलतो. व्हीएमवेअरनं पोर्ट २२१०४ निवडला. सोळाच्या पायात तो लिहिला तर त्यातून व्हीएक्स ही दोन इंग्रजी अक्षरं निघतात. गेस्टमधला प्रोग्रॅम एका खात्यात ठरलेला परवलीचा आकडा ठेवतो, ज्याची अक्षरं होतात व्हीएमएक्सएच. दुसऱ्या खात्यात काय हवंय त्याचा क्रमांक ठेवतो आणि त्या पोर्टावरून वाचायला जातो. खऱ्या यंत्रावर साध्या प्रोग्रॅमनं हे केलं तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला तिथंच मारते. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र होस्ट मधे येतो, परवली ओळखतो, उत्तर खात्यांत भरतो आणि गेस्टला पुढच्या सूचनेवर सोडतो. आतल्यानं हाक मारली आणि बाहेरच्यानं ओ दिली. डायग्नोजचीच युक्ती, तीस वर्षांनी, दुसऱ्या लोखंडावर.

बोलणं एकतर्फी राहिलं नाही. २००२ मध्ये व्हीएमवेअरच्या कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी फुग्याची युक्ती प्रसिद्ध केली. होस्टला मेमरी कमी पडली की तो गेस्टमधल्या एका छोट्या ड्रायव्हरला सांगतो, फुग. तो ड्रायव्हर गेस्टच्याच ऑपरेटिंग सिस्टिमकडून मेमरी मागून घेतो आणि ती नुसती अडवून ठेवतो. मेमरीची कोणती पानं, म्हणजे ठरावीक तुकडे, सोडायची, कोणती डिस्कवर टाकायची हे गेस्ट स्वतः ठरवतो, कारण कोणतं पान कामाचं आहे हे त्यालाच ठाऊक. अडवलेली पानं होस्ट दुसऱ्याला वापरायला देतो. दोघांपैकी कुणालाही हे एकट्यानं इतकं नीट जमलं नसतं.

आता २००८. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची गर्दी झालीय. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून झेन आलंय, २००३ पासून. इस्रायलच्या क्युम्रानेट कंपनीत आवी किविटी यांनी केव्हीएम लिहिलंय, आणि ते फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत गेलंय. इंटेल आणि एएमडी यांचे प्रोसेसर आता अडवायच्या सूचना स्वतःच अडवतात. पण गेस्ट आणि होस्ट यांच्यात बोलायची रीत ज्याची त्याची वेगळी. जितके होस्ट तितके ड्रायव्हर.

ऑस्ट्रेलियात आयबीएमसाठी काम करणारे रस्टी रसेल यावर व्हर्टिओ मांडतात. त्याचा गाभा समजायला जुन्या काळातल्या विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढे आणा. रहाटाच्या माळेला गाडगी बांधलेली. रिकामं गाडगं खाली जातं, भरून वर येतं, ओतून पुन्हा रिकामं खाली जातं. माळ तीच, गाडगी तीच, आणि विहिरीला किंवा पाटाला एकमेकांसाठी थांबावं लागत नाही. व्हर्टिओची रांग अशीच फिरते. गेस्ट स्वतःच्या मेमरीतले रिकामे बफर एका वर्तुळाकार यादीवर मांडतो. होस्ट ते भरतो आणि दुसऱ्या यादीवर 'झालं' म्हणून नोंदवतो. गेस्ट वाचून रिकामे करतो आणि पुन्हा मांडतो. पाठवायचं असलं की उलट. एकेका बाइटला हाक मारायची नाही. बरंच काम साठलं की एकदाच खूण करायची.

बचत होते ती इथं. जुना सिरियल पोर्ट हुबेहूब वठवायचा तर एकेक अक्षर पाठवताना गेस्ट थांबतो, नियंत्रण होस्टकडे जातं, होस्ट ते अक्षर उचलतो, परत येतो. दर फेरीत प्रोसेसरची शेकड्यांनी, कधी हजारांनी चक्रं खर्ची पडतात. पुन्हा पीसीच्या रिवाजानं असे पोर्ट चारच.

मग नेटवर्कवरूनच का बोलू नये? हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला, आणि त्याचं उत्तर मला फार पटतं. नेटवर्क हे गेस्टच्या मालकाचं असतं. तो ते बंद करील, फायरवॉल लावील, पत्ते बदलील. होस्टला 'बॅकअप घेतोय, जरा थांब' इतकंच सांगायचं असताना त्यानं दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये हात घालू नये. लिनक्समध्ये एक नवा सॉकेटप्रकार आणायचा प्रयत्न २००८ च्या अखेरीस झाला, तोही नाकारला गेला. अडचण तशीच राहिली.

तुम्ही यवत, उरुळी कांचन, लोणी, हडपसर करत पुण्यात येता. वर्ष २००९. सप्टेंबर २००८ मध्ये रेड हॅट या लिनक्सवर काम करणाऱ्या कंपनीनं क्युम्रानेट विकत घेतलीय, आणि केव्हीएमचं काम रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातही चाललंय. लिनक्सच्या व्हर्टिओ कन्सोल या ड्रायव्हरची फाइल तुम्ही उघडता. आधीची फाइल रस्टी रसेल यांची, आणि तिच्यात एकच वाट: गेस्टचा कन्सोल. पुण्याच्या अमित शाह यांनी तिला अनेक वाटा दिल्या. आजही फाइल उघडली की वरच्या ओळींत रसेल आणि शाह ही दोन्ही नावं दिसतात. हे काम लिनक्सच्या २.६.३४ आवृत्तीतून मे २०१० मध्ये बाहेर आलं. त्याच महिन्यात आलेल्या फेडोरा १३ या लिनक्स वितरणाच्या वैशिष्ट्यांतही ते व्हर्टिओ-सिरियल या नावानं होतं.

मला याचा अभिमान वाटतो, आणि तो लपवावासा वाटत नाही. पुण्याच्या आयटीविषयी आपण बोलतो तेव्हा इमारती, पगार आणि ट्रॅफिक यांविषयीच बोलतो. जगभरच्या लिनक्सच्या मूळ संहितेत रोज वापरात असलेली एक जोडणी या शहरात बसून लिहिली गेली, नावानिशी लिहिली गेली आणि कुणालाही उघडून वाचता येते, हे मराठीत कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

यातली जमेची गोष्ट वेगाइतकीच शिस्तही आहे. एका आभासी उपकरणावर अनेक पोर्ट, प्रत्येकाला नाव, आणि एका पोर्टाला एकच काम. कॉपी-पेस्ट आणि माउस एका पोर्टावर, बॅकअपची बोलणी दुसऱ्यावर. होस्टनं जो पोर्ट दिलाच नाही तो गेस्टला दिसतही नाही.

आता बाहेरून बघणं पुरे. आत जा. तुम्हीच गेस्ट आहात.

तुम्ही सुरू होता. मेमरीची मोजदाद होते, उपकरणं सापडत जातात. एक उपकरण सांगतं, मी व्हर्टिओ कन्सोल, मला बरेच पोर्ट असू शकतात. तुम्ही त्याच्या नियंत्रणाच्या रांगेत पहिला निरोप टाकता: ड्रायव्हर तयार आहे. खालून उत्तर येतं: पोर्ट १ जोड. तुम्ही तो तयार करता आणि कळवता: पोर्ट तयार. खालून त्याचं नाव येतं. तुमच्या डेव्ह फोल्डरात व्हर्टिओ-पोर्ट्स नावाची जागा तयार होते आणि त्यात त्या नावाची एक फाइल दिसते. बाकीच्या फाइलींसारखीच ती फाइल, वाचा-लिहायची. फरक एवढाच की तिचं दुसरं टोक तुमच्या जगात नाही.

तुमच्या आत एक छोटा प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसतो, क्यूईएमयू गेस्ट एजंट. (क्यूईएमयू म्हणजे केव्हीएमच्या जोडीला चालणारा, गेस्टची आभासी उपकरणं उभी करणारा होस्टवरचा प्रोग्रॅम.) खालून पहिल्यांदा येतो एक यादृच्छिक आकडा. अर्थ इतकाच: हा मला परत दे. कारण वाटेत आधीच्या अर्धवट बोलण्याचे बाइट पडलेले असू शकतात. तोच आकडा परत आला म्हणजे इथून पुढचं ताजं. तुम्ही तो परत देता. बोलणं सुरू.

समजा, तुमच्यावर दूध संकलनाचा हिशेब चालतो. भांडगावातल्या कुणाच्या तरी दहा दिवसांच्या दुधाचं बिल खात्यावर जमा होतंय: एका तक्त्यातून रक्कम वजा झालीय, दुसऱ्यात मिळवायचीय. नेमकी याच क्षणी होस्टला तुमच्या डिस्कची प्रत घ्यायचीय. तुम्हाला न सांगता घेतली तर प्रतीत पैसे वजा झालेले असतील आणि जमा झालेले नसतील. नंतर ती प्रत उघडणाऱ्याला नोंदी जुळवत बसावं लागेल. म्हणून होस्ट आधी निरोप देतो: फाइल सिस्टिम गोठव. एजंट हिशेबाच्या प्रोग्रॅमला हातातलं काम पुरं करायला सांगतो, मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवतो आणि लिहिणं थांबवतो. इतकं थांबवतो की एजंट स्वतःची नोंदवहीसुद्धा लिहीत नाही. लिहायला गेला तर तोही अडकेल, आणि मग 'आता सोड' हा पुढचा निरोप ऐकायला कुणी उरणार नाही. या काळात तो मोजक्याच आज्ञा ऐकतो. होस्ट प्रत घेतो. निरोप येतो: सोड. लिहिणं पुन्हा सुरू.

आणि घड्याळ? तुमच्या मेमरीतलं एक पान तुम्ही होस्टला लिहायला नेमून दिलेलं असतं. त्यावर तो वेळेचे आकडे आणि एक आवृत्तीक्रमांक लिहितो. आकडे बदलताना क्रमांक विषम असतो, बदलून झाले की सम. तुम्ही क्रमांक वाचता, मग वेळ, मग पुन्हा क्रमांक. विषम दिसला किंवा मधे बदलला तर वाचलेलं टाकून पुन्हा सुरुवात. सेव्ह करून तासांनी उघडलेल्या गेस्टला मात्र एवढं पुरत नाही. त्याच्या भिंतीवरचं घड्याळ मागं राहिलेलंच असतं. त्यासाठी एजंटला वेळ लावायची वेगळी आज्ञा आहे. होस्टनं ती दिली की गेलेले तास एका उडीत तुमच्या घड्याळात येतात.

पण प्रत्येक वाटेवरून नको तेही येतं-जातं. १३ मे २०१५ ला तुम्ही एका डेटा सेंटरमध्ये उभे आहात आणि फोन थांबत नाहीयेत. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या जेसन गेफनर यांनी व्हेनम नावाची चूक उघड केलीय. ती आहे क्यूईएमयूच्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये. फ्लॉपी तोवर कुणी वापरत नव्हतं. पण ते आभासी उपकरण बहुतेक गेस्टना आपोआप जोडलेलं असे, आणि बंद केलं तरी त्याचा आतला भाग काही ठिकाणी जागा राहत असे. त्याचा बफर ५१२ बाइटांचा. ठरावीक आज्ञांनंतर तो मोजायचं विसरत असे, आणि गेस्ट त्याच्यापलीकडे होस्टच्या मेमरीत लिहू शकत असे. ही चूक २००४ पासून तिथंच होती. अकरा वर्षं.

हुबेहूब खऱ्यासारखं दिसण्याची ही किंमत. जुन्या पीसीचं प्रत्येक उपकरण वठवलं म्हणजे त्या प्रत्येकातून एक वाट होस्टमध्ये गेली, आणि त्यातल्या कित्येकांची गरजही नव्हती. माझं मत त्यामुळे पक्कं आहे: गेस्टला खरं सांगावं, आणि वाटा मोजक्या, नावाच्या, एका कामाच्या ठेवाव्यात. पुण्यातल्या त्या फाइलीची रचना याच बाजूची आहे. नंतरच्या कामाची दिशाही तीच दिसते. व्हीसॉक हा सॉकेटप्रकार अखेर लिनक्समध्ये २०१३ मध्ये आला. त्यात होस्टचा पत्ता कायम २, आयपी नाही, नेटवर्क नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेझॉननं खुलं केलेलं फायरक्रॅकर गेस्टला मोजकीच उपकरणं देतं: नेटवर्क, डिस्क, व्हीसॉक, एक सिरियल कन्सोल, यंत्र थांबवण्यापुरता कीबोर्ड, अशी. फ्लॉपी नाही.

शेवटचा मुक्काम आपल्याच काळात आहे, आणि तिथं पारडं फिरलंय. आजवर होस्ट गेस्टवर लक्ष ठेवत होता. गेस्टची सगळी मेमरी त्याला उघडी होती. एएमडीच्या सर्व्हर प्रोसेसरांत २०१७ पासून गेस्टची मेमरी कूटबद्ध ठेवता येते, आणि किल्ली प्रोसेसरच्या आत राहते, होस्टला मिळत नाही. तुम्ही असा गेस्ट आहात, या प्रोसेसरांच्या अलीकडच्या पिढीवरचा. होस्ट तुमचं पान वाचतो तेव्हा त्याला अर्थहीन बाइट दिसतात. पण त्याच्याशी बोलायचं तर आहेच, म्हणून ठरावीक पानं तुम्ही स्वतः उघडी ठेवता. पाठवायचा मजकूर त्या पानांवर उतरवता, आलेला तिथून उचलून आत घेता आणि मगच वाचता. होस्टनं दिलेली लांबी, क्रमांक, पत्ते, यातलं काहीच तपासल्याशिवाय वापरत नाही.

डिस्कची किल्ली तुमच्याकडे अजून आलेली नाही. आधी तुम्ही प्रोसेसरकडून त्याच्या सहीचा अहवाल मागता: मी कोणत्या प्रोसेसरवर आहे, मला सुरू करताना मेमरीत नेमकं काय भरलं होतं, मेमरी खरंच कूटबद्ध आहे का. तो अहवाल तुम्ही तुमच्या मालकाच्या सर्व्हरकडे पाठवता. तो जातो होस्टच्याच रांगेतून, होस्टच्याच नेटवर्कवरून, पण सही मोडल्याशिवाय होस्टला त्यातलं एक अक्षरही बदलता येत नाही. सर्व्हर सही तपासतो, मोजमाप जुळवतो, आणि जुळलं तरच किल्ली पाठवतो.